खाडीचे तोंड कोणाच्या हाती?

(भिवंडी येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'उत्तर कोकणचे राजकारण आणि परराष्ट्रसंबंध' असा जाहीर झाला आहे. 'परराष्ट्रसंबंध' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीतील मोठमोठी कार्यालये उभी राहतात, वॉशिंग्टन, बीजिंग, मॉस्को ही नावे आठवतात. भिवंडीचा आणि परराष्ट्रनीतीचा काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो येणे स्वाभाविक आहे. परंतु मी आज असे मांडणार आहे की, परराष्ट्रनीती चुकल्याने काय भोगावे लागते आणि ती साधल्याने काय मिळते, हे जाणून घेण्यासाठी भिवंडीकराने फार दूर जाण्याचे कारण नाही. कामवारी नदी जिथे खाडीला मिळते तिथे काठावर उभे राहावे आणि एकच प्रश्न विचारावा : हे पाणी पुढे कोणाच्या दारातून समुद्रास जात होते?

काही वर्षांपूर्वी शाळेतील मुलांना घेऊन मी वसईचा किल्ला पाहावयास गेलो होतो. कल्याण-भिवंडी शिवछत्रपतींनी जिंकली आणि तेथे आरमाराचा पाया घातला, हे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. एका मुलाने सहज विचारले, "सर, कल्याण आपले आणि भिवंडीही आपली, पण हा वसईचा किल्ला तर पोर्तुगीजांचा होता. मग आपली जहाजे समुद्रात जायची कुठून?" खरे सांगतो, त्या क्षणी मला चटकन उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

भूगोल आधी, इतिहास नंतर

उल्हास नदी कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. भिवंडीच्या दक्षिणेकडून ती ठाण्याशी येते. तेथून एक वाट पश्चिमेस घोडबंदरावरून वसईला समुद्रास मिळते, तर दुसरी ठाण्याच्या खाडीतून दक्षिणेस मुंबईच्या बंदरात उतरते. म्हणजे कल्याण-भिवंडीच्या गलबताला समुद्र गाठायचा तर दोनच दरवाजे. पहिल्याच्या चौकटीवर वसई, दुसऱ्याच्या तोंडावर मुंबई आणि दोहोंच्या सांध्यावर ठाणे. मागे सह्याद्रीतून उतरणारे घाट, त्यांवरून येणारा देशावरचा माल, अवतीभवती जहाजास लागणाऱ्या लाकडाने भरलेली जंगले, पुढे ही खाडी. ज्याच्या हाती घाट आणि बंदर, तो श्रीमंत. पण ज्याच्या हाती खाडीचे तोंड, तो त्या श्रीमंताचा धनी. या एका सूत्रात आपल्या प्रदेशाचा दोन हजार वर्षांचा इतिहास ओवता येतो.

हे सूत्र मी आज जुळवून आणलेले नाही. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात कल्याणचा उल्लेख येतो. सातवाहनांच्या अमलात हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे प्रतिस्पर्धी सत्तेने येथे येणाऱ्या ग्रीक जहाजांवर पहारा बसवून ती भडोचकडे वळवण्यास आरंभ केला, असे तो लेखक नोंदवतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाचे हे समुद्रावरचे रूप होते. आज ज्याला आपण नाकेबंदी म्हणतो, तिची आपल्या भागातील ही फार जुनी नोंद. कल्याण जिंकावे लागले नाही. कल्याणकडे येणारी वाट अडवली, तेवढे पुरले.

अनेक लोक, एक किनारा

या किनाऱ्यावर नाना देशांचे, नाना धर्मांचे लोक आले. कोळी, आगरी, कुणबी, वारली, ठाकूर, कातकरी हे येथले मूळचे. सहाव्या शतकातील कॉस्मस हा प्रवासी कल्याणला इराणहून नेमून आलेला ख्रिस्ती धर्माधिकारी असल्याचे सांगतो. संजाणला पारशी उतरले. बेने इस्रायल येथेच रुजले आणि मराठी बोलू लागले. अरब व्यापारी आले. त्यांच्यातून आणि स्थानिकांतून कोकणी मुसलमान समाज घडला, आणि त्याच्याही घरात कोकणी बोलीच राहिली.

परक्यांना आश्रय देताना येथल्या राजांचे धोरण काय होते? शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ मधील चिंचणीचा ताम्रपट याबाबत बोलका आहे. राष्ट्रकूट सम्राट इंद्र तिसरा याच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार एक ताजिक, म्हणजे अरब वंशाचा मुसलमान अधिकारी पाहत होता. संस्कृत ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आले आहे. त्याने किनाऱ्यावरील बंदरे सम्राटासाठी ताब्यात ठेवली, दोन ओढ्यांवर लोकांसाठी विनामूल्य तरी चालवल्या, अन्नछत्र घातले आणि भगवतीच्या मठिकेसाठी देण्यात आलेल्या दानाला राजाज्ञेने मान्यता दिली. त्याच सुमारास, ९१६ च्या आसपास, अल मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीला असून त्यांचा मुखिया राजाने नेमलेला असतो, असे तो लिहितो.

मित्रहो, यातील शेवटचा तपशील फार महत्त्वाचा आहे. मुखिया त्यांच्यातला, परंतु नेमणूक राजाची. आश्रय उदार होता, पण तो सार्वभौमत्व सोडून दिलेला नव्हता. परका आला, त्याने येथल्या राज्याचा कायदा मानला, येथल्या लोकांसाठी तर चालवली, की तो परका उरला नाही. हे आपल्या पूर्वजांचे धोरण होते आणि ते दुबळेपणातून आलेले नव्हते, आत्मविश्वासातून आलेले होते.

आता आपल्या तालुक्यातील एक साक्ष. शिलाहार राजा अपराजित याचा इसवी सन ९९७ चा ताम्रपट. लोनाडच्या लोणादित्य देवाच्या पूजेसाठी भादाणे हे गाव त्याने दान दिले. या ताम्रपटात त्याने आधी राष्ट्रकूटांची वंशावळ दिली आहे आणि मग ते साम्राज्य लयास गेल्याबद्दल शोक व्यक्त केला आहे. चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचा पराभव करून तेव्हा दोन तपे होत आली होती. धनी गेला, आणि नव्याला तर अपराजित मानायला तयार नाही. छोट्या राज्याने मोठ्यांच्या उलथापालथीत आपले अस्तित्व कसे टिकवावे, हा प्रश्न एक हजार वर्षांपूर्वी लोनाडच्या परिसरात विचारला गेला होता. शिलाहारांनी तो पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे सोडवला, ठाण्यास राजधानी ठेवून आणि समुद्रावर बळ राखून. अखेरचा शिलाहार सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला, असे हेमाद्री सांगतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्हवणाऱ्या युद्धनौकांची जी रांग कोरली आहे, ती याच लढाईची असावी असे अनेक अभ्यासक मानतात.

दुसऱ्याच्या भांडणात मिळालेली वसई

नंतर मात्र समुद्राकडे पाठ फिरली. ती किती महाग पडली पाहा. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने एका पोर्तुगीज जहाजावर तह करून वसई, तिच्या अवतीभवतीचा मुलूख आणि मुंबईसह बेटे पोर्तुगीजांना देऊन टाकली. का? तर उत्तरेकडून हुमायून चालून येत होता आणि समुद्राची बाजू त्याला निर्वेध हवी होती. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस येऊन परवाना घ्यावा, असेही कबूल करण्यात आले. जमिनीवरच्या एका शत्रूच्या भयाने त्याने पाण्यावरच्या दुसऱ्या शत्रूला घरात घेतले. पुढे, १५३७ मध्ये, दीवजवळ त्याच पोर्तुगीजांच्या हातून झालेल्या झटापटीत बहादूरशहा समुद्रातच मरण पावला.

त्या एका सहीने आमच्या खाडीचे तोंड दोनशे पाच वर्षे पोर्तुगीजांकडे गेले. त्या काळात वसई-साष्टीच्या रयतेने काय सोसले, देवळांचे काय झाले, धर्मांतरासाठी कोणते दडपण आले, हे आपण जाणता. मला आज बोट ठेवायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. त्या सहीच्या वेळी कोकणच्या माणसाला कोणी विचारलेले नव्हते. आपल्या भूमीचा सौदा तिऱ्हाईताच्या भांडणात झाला, कारण या किनाऱ्याला स्वतःचे म्हणावे असे राज्यच उरले नव्हते.

१६५७ : वेळ साधणारा राजा

ते राज्य घेऊन शिवाजी महाराज आले. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली. दादाजी बापूजी यांनी कल्याण घेतले आणि सखो कृष्ण लोहोकरे यांनी भिवंडी, असे सांगितले जाते. आपण या घटनेतील शौर्याचे वर्णन करतो, ते योग्यच आहे. पण त्या मुहूर्ताकडे जरा लक्ष द्या. नोव्हेंबर १६५६ मध्ये विजापूरचा महंमद आदिलशहा वारला. औरंगजेबाने विजापूरवर चाल केली. सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान दिल्लीच्या दरबारात आजारी पडल्याची बातमी दक्षिणेत आली आणि औरंगजेबाची नजर गादीकडे वळली. विजापूर थकलेले, मोगल पाठमोरा. त्याच महिना-दोन महिन्यांच्या फटीत सत्तावीस वर्षांच्या तरुण राजाने कल्याण-भिवंडीवर हात टाकला. १६३६ मध्ये याच भागात, माहुलीच्या किल्ल्यावर, त्यांच्या पिताजींना मोगल आणि आदिलशाही या दोन्ही सत्ता एकत्र आल्यामुळे निजामशाही वाचवण्याचा डाव सोडावा लागला होता. दोन शत्रू एक झाले तर काय होते, हे पित्याने सोसले. दोन शत्रू एकमेकांत गुंतले असताना काय करावे, हे पुत्राने दाखवले. दिल्लीची आणि विजापूरची बातमी ज्याच्यापाशी वेळेवर पोहोचते, त्यालाच भिवंडी घेता येते.

आणि आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. बंदर मिळाले, लाकूड मिळाले, कारागीर हवे होते. महाराजांनी रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा पुत्र यांच्यासह पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. त्याबरोबर पोर्तुगीज सावध झाले. शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलजवळचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे त्याने लढाऊ जहाजे बांधली आहेत, तेव्हा ती बाहेर पडू देऊ नयेत, अशा आशयाचा पत्रव्यवहार १६५९ च्या सुमारास गोव्याहून झाला. वसईच्या अधिकाऱ्यांनी आपल्या कारागिरांना गुपचूप काढून घेतले. पाहा, लिस्बनच्या दप्तरात भिवंडीचे नाव गेले ते लुगड्या-कापडामुळे नव्हे, युद्धनौकांमुळे!

या पेचातून महाराजांनी काय मार्ग काढला? पोर्तुगीजांशी त्या घटकेस लढाई काढली नाही. आरमार जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहे, असे त्यांना सांगितले. आणि ते खोटेही नव्हते. कारागीर गेले, पण विद्या येथल्या कोळी-भंडाऱ्यांच्या हाती उरली. मग ज्या ठिकाणी तोंड आपल्या हाती राहील अशी ठिकाणे निवडली. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग. आणि १६७९ मध्ये तर मुंबई बंदराच्या नाकासमोर खांदेरी. उत्तरेस आपल्या खाडीच्या तोंडाशी परका बसला होता, म्हणून महाराजांनी परक्याच्या बंदराच्या तोंडाशी आपला किल्ला बसवला. इंग्रजांनी आणि सिद्दीने जंग जंग पछाडले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी खांदेरी सोडली नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हे चारही जलदुर्ग आहेत. त्या चौघांच्या जन्मकथेत कल्याण-भिवंडीच्या अडलेल्या जहाजांचाही एक अध्याय आहे, हे आपण भिवंडीकरांनी विसरू नये.

१६७४ मध्ये राज्याभिषेकास आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनशी झालेल्या तहातही हीच दृष्टी दिसते. व्यापाराच्या सवलती महाराजांनी मोकळ्या हाताने दिल्या. परंतु इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालवण्याच्या आणि किनाऱ्यास लागलेल्या फुटक्या जहाजांवरील हक्काच्या कलमांवर त्यांनी हात आखडता घेतला. व्यापार करा, नाणे आमचे. किनाऱ्यावर या, हक्क आमचा. दहाव्या शतकातील राजाने मुखिया नेमण्याचा अधिकार आपल्याकडे राखला होता, त्याचीच ही पुढची पायरी.

अंजूरचे नाईक आणि वसईचा विजय

संभाजी महाराजांच्या काळात कल्याण-भिवंडीसाठी मोगलांशी निकराच्या लढाया झाल्या, पुढे हा भाग काही वर्षे मोगलांकडे राहिला आणि १७२० च्या सुमारास तो पुन्हा मराठ्यांकडे आला. मात्र खाडीचे तोंड अद्याप परक्याचेच. ते मोकळे करण्याची पहिली हालचाल कोणी केली? पुण्याने नव्हे; आपल्या भिवंडी तालुक्यातील अंजूर गावाने. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांच्या भावांनी साष्टी-वसईच्या रयतेचे गाऱ्हाणे पेशव्यांपर्यंत नेले, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पाण्याच्या वाटा, ठाण्यांची शिबंदी, कोण फितेल आणि कोण नाही, याची बित्तंबातमी पुरवली. मार्च १७३७ मध्ये मराठी फौज खाडी उतरून ठाण्यात शिरली तेव्हा पोर्तुगीजांचा तेथला किल्ला अजून पुरता बांधूनही झाला नव्हता. ही खबर ज्यांच्याकडून मिळाली, त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात क्वचितच सापडते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. हजारो माणसे कामी आली. याच महिन्यांत नादिरशहा दिल्लीत होता. बाजीरावसाहेबांना उत्तरेस फौज हवी होती आणि चिमाजी अप्पा वसईच्या तटाखाली सुरुंग उडवीत होते. तरीही वेढा उठला नाही. वज्रेश्वरीचे देऊळ त्या नवसाची साक्ष म्हणून आपल्याच तालुक्यात उभे आहे. त्याहून मोठी साक्ष मला तहाच्या कलमांत दिसते. शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू दिले. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना धर्म पाळण्याची मुभा दिली. ज्यांनी दोनशे वर्षे तशी मुभा दिली नव्हती, त्यांच्याशी हा व्यवहार! वसईचा ख्रिस्ती समाज आजही आपल्या घरात मराठीच्या बोली बोलतो, त्याचे एक कारण या कलमांत आहे. विजयाच्या क्षणीही आपली नीती सुटली नाही, याचा अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

विजयानंतरची झोप

बंधू-भगिनींनो, येथे थांबलो तर टाळ्या मिळतील. पण इतिहासाशी प्रामाणिकपणा होणार नाही. म्हणून आता कडू भाग.

वसई पडली त्याच मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांनी दोन माणसे रवाना केली. कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे, कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू छत्रपतींकडे. इंचबर्डने गोड बोलून जुलैमध्ये व्यापाराचा तह पदरात पाडून घेतला. गॉर्डनचे काम वेगळे होते. दरबारात कोणाचे कोणाशी पटत नाही, बाजीरावांचा मत्सर कोण करतो, कोणाच्या मनात कोणती सल आहे, हे हेरून येणे. पोर्तुगीज पराभूत झाले म्हणून आम्ही आनंदात होतो. आमच्या घरातील भेगा मोजण्याचे काम शेजाऱ्याने त्याच दिवशी हाती घेतले.

उलट बाजूने आम्ही काय केले? १७६७ मध्ये मॉस्टिन पुण्यास आला, १७७२ पासून तर तो इंग्रजांचा वकील म्हणून तेथे राहूच लागला. लंडनमध्ये मराठ्यांचा कायमचा वकील कधीच नव्हता. १७८१ मध्ये हणमंतराव नावाचे वकील विलायतेस गेले, एडमंड बर्कसारख्या मोठ्या माणसाने त्यांचा पाहुणचारही केला. परंतु त्यांना पाठवले होते रघुनाथरावांनी, स्वतःच्या गादीच्या दाव्यासाठी. सातासमुद्रापार आमचा माणूस गेला, तो राज्याचे काम घेऊन नव्हे, भाऊबंदकीचे कागद घेऊन. याहून दुःखद गोष्ट कोणती?

ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. फट पडली. पोर्तुगीज साष्टी परत घेण्यास येत आहेत, अशी हूल उठली आणि ती निमित्त करून डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. मार्च १७७५ च्या सुरत तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. बहादूरशहाने १५३४ मध्ये जे केले, तेच आमच्या माणसाने केले. फरक इतकाच की, त्याला हुमायूनचे भय होते आणि याला पुतण्याच्या बाळाचे.

मधल्या काळात नाना फडणविसांनी फ्रेंच वकील सेंट लुबिन याला पुण्यात ठेवून इंग्रजांची झोप उडवली. १७७९ च्या आरंभी वडगावला इंग्रज फौज शरण आली. बुद्धी होती, पराक्रमही होता. पण १७८० मध्ये कल्याण पडले, वर्षअखेर वसई पडली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली तरी साष्टी कायमची गेली. ठाणे त्यांचे, मुंबई त्यांची. एक दरवाजा पुरता बंद झाला. अंजूरकरांनी ज्यासाठी रक्त आटवले होते ते सदतीस वर्षांत निसटले होते, आणि ते रणात नव्हे, घरात.

शेवटचा प्रवेश पुन्हा वसईचाच. ३१ डिसेंबर १८०२. होळकरांच्या भयाने पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह केला. इंग्रजांची तैनाती फौज पदरी बाळगायची, तिच्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याखेरीज कोणत्याही सत्तेशी बोलणे करायचे नाही. शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. १८१८ साली पेशवाई बुडाली ती नुसती औपचारिकता होती. ज्या दिवशी दुसऱ्या राज्याशी बोलण्याचा अधिकार दिला, त्याच दिवशी राज्य गेले होते. ज्या वसईसाठी हजारोंनी प्राण दिले, तेथेच त्रेसष्ट वर्षांनी एका सहीत सगळे संपले.

आजची भिवंडी

हे सारे आज का सांगायचे? १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर येथे आले, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. आता महामार्गालगत मैलोगणती गोदामे उभी आहेत. समुद्र नसलेले हे गाव पुन्हा एकदा बंदर झाले आहे; उतरणारा माल न्हावाशेवाहून येतो, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेले वाढवण बंदर पूर्ण झाले की हा ओघ आणखी वाढेल. सुताचा भाव, कापडाची आयात, तांबड्या समुद्रातील अशांतता, यांचा परिणाम येथल्या मागावर चार दिवसांत दिसतो. खाडीचे तोंड आज केवळ वसईला नाही. ते होर्मुझच्या सामुद्रधुनीत आहे, सुएझच्या कालव्यात आहे, मलाक्काच्या वाटेवर आहे. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेपासून स्फूर्ती घेतलेला अष्टकोन आला, त्याचे मोल भिवंडीकराला इतरांहून अधिक कळले पाहिजे.

आणि घरातील फटीबद्दलही बोललेच पाहिजे. या शहराने १९७० आणि १९८४ ची होरपळ पाहिली आहे. या सभागृहातील कित्येकांनी ती सोसली आहे. १९८४ नंतर सुरेश खोपडे यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्यांतून गल्लीगल्लीतील माणसांना एकत्र बसवले आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. हीही आपल्याच इतिहासातील गोष्ट आहे. कायद्याची जरब आणि शेजाऱ्याशी बोलणे, दोन्ही एकाच वेळी लागतात. चिंचणीच्या ताम्रपटात तेच आहे, चिमाजी अप्पांच्या कलमांतही तेच आहे. येथे राहणाऱ्या प्रत्येकाची निष्ठा या भूमीशी असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ती अपेक्षा दुसऱ्यांपुरती ठेवून चालत नाही. सुरतेच्या तहावर सही करणारा माणूस परका नव्हता, परधर्मी नव्हता. अटकेपार गेलेला, आपलाच पराक्रमी माणूस होता तो. स्वार्थ राष्ट्राच्या वर गेला की जात-धर्म न पाहता माणूस खाडीचे तोंड शत्रूला उघडून देतो.

मग आपण काय करावे? मोठमोठे संकल्प मी सांगणार नाही. घरातील एका मुलाने तरी परकी भाषा मन लावून शिकावी. केवळ नोकरीसाठी नव्हे, तर समोरचा आपल्याविषयी काय लिहितो हे वाचण्यासाठी. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागद वाचले नसते, तर आपल्या आरमाराविषयी आणि पोर्तुगीजांशी आलेल्या संबंधांविषयी आपल्याला किती थोडे कळले असते! वर्तमानपत्रातील परदेशाचे पान उलटून न टाकता वाचावे. आणि सुट्टीत मुलांना लोनाडला, अंजूरला, वज्रेश्वरीला, वसईला न्यावे. एक दिवसाची सहल आहे, परंतु तीत दोन हजार वर्षे पाहता येतात.

त्या विद्यार्थ्याला आता मी उत्तर देऊ शकतो. बाळ, आपली जहाजे त्या दिवशी बाहेर पडू शकली नाहीत, हे खरे. ज्याने ती बांधली त्याने रडत न बसता दुसरी वाट शोधली. ज्यांनी ती वाट पुढे मोकळी केली त्यांत आपल्या गावाजवळचे लोक होते. आणि ज्यांनी ती पुन्हा गमावली तेही आपलेच होते. यांपैकी कोणासारखे व्हायचे, हे तुझे तू ठरव.